सहा नंबरची खोली आणि परब हवालदार

परब हवालदार रोज सकाळी सात वाजता एका रिकाम्या खोलीशी बोलायचे.

घाटकोपरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर सहा नंबर. तिथली शांताआजी दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून दाराला कुलूप. गेल्या श्रावणापासून मात्र परबकाका युनिफॉर्म चढवून त्या दारापुढे उभे राहायला लागले. कुलूप काढायचे, कडी काढायचे, दार काही लोटायचे नाहीत. "सात वाजले," एवढंच म्हणायचे, दहा मिनिटं थांबायचे आणि पुन्हा कुलूप घालून ड्युटीवर जायचे. आतून चकार शब्द नाही.

माणूस आधीपासूनच तऱ्हेवाईक. माझ्या बायकोला जिन्यात अडवून विचारतील, "काल भेंडी कोणी करपवली? खरा सांग, आमका कळता." लग्नाची पत्रिका दिली तर "नोंद घेतली" म्हणतील. आम्ही समजलो, रिटायरमेंट जवळ आली, काका सटकले.

मग पावलं ऐकू आली.

भर दुपारी मी त्या दारावरून जात होतो. आत कोणीतरी सावकाश चालत होतं. वीस पावलं, थांबणं, वळणं, परत वीस. आणि खोली तर आमच्याएवढीच, सहा पावलांत भिंत लागते.

"आजी फिरतेय," सेक्रेटरी नाईक कुजबुजले आणि त्यांनी दाराशी लिंबू ठेवलं. काकांनी ते उचललं, "मुद्देमाल जप्त," म्हणाले आणि सरबत करून प्यायले.

शेवटी मीच त्यांना गाठलं. "काका, आत कोण आहे?"

"म्हातारी न्हय. तिचो झील. दिनेश."

आजीचा मुलगा! मारामारीत त्याच्या हातून एक माणूस मेला होता, तो चौदा वर्षं तुरुंगात होता, एवढं आम्ही ऐकून होतो.

"आणि बाहेरून कुलूप?"

"त्यानंच सांगितल्यान. दार उघडा ऱ्हवला तर झोप येत नाय त्येका. दुसरी चावी त्याच्याकडेच असा. खिडकीतून हात घातलो की कुलूप लागता हाताक. पण उघडूचो नाय. रातीक डबो मी खिडकीतून देतंय." काकांनी आवाज खाली आणला. "टाचेक अंगठो लावून चालता. तुरुंगातल्या बराकीएवढी वीस पावलां होऊक होयी ना!"

नाईकांच्या कानावर गेलंच. मीटिंग बोलावली. "खुनी नको बिल्डिंगमध्ये!"

काका उभे राहिले. "खोली त्याच्या आईची, आता त्याची. भीती वाटली तर पोलिसाला बोलवा. पोलीस दुसऱ्या मजल्यावर राहतो."

पुढच्या महिन्यात कुलूप गेलं, नुसती कडी राहिली. मग कडीऐवजी सुतळी. मग एके सकाळी काहीच नाही. मी जिन्यात उभा होतो. दार हललं. फटीत आधी पिवळट बोटं दिसली, मग उन्हाचा स्पर्श न झालेला चेहरा. दिनेश उंबऱ्याशी थांबला, कोणीतरी "चल" म्हणेल याची वाट बघत. काकांनी तोंड उघडलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने आपणहून पाय बाहेर टाकला, आणि जमीन खचेल की काय अशा नजरेने खाली बघितलं.

आता तो एका सुतारी कारखान्यात जातो. तिथल्या मालकाला काकांनी तीन वेळा भेटून पटवलं. पहिल्या दिवशी तो गेटबाहेर दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

"हे काम काही तुमच्या ड्युटीत नव्हतं, काका," मी म्हणालो.

"तेव्हा मीच उचललंय त्येका," ते म्हणाले. "म्हातारी अनवाणी जीपमागे इली. मी म्हटलंय, घरी जा, उद्या सोडतंव."

"मग?"

"मग काय! ती जाईपर्यंत बारा-तेरा वर्सां एकाच जिन्यात." ते टोपीच्या आत बघत राहिले. "एकदासुद्धा विचारल्यान नाय, रे, उद्या कधी म्हणान. मी समोर दिसलंय की इतक्याच... 'जेवलंस काय?'"