हिरोच्या घरचा सोफा

टेलरच्या दोन खोल्यांत सिनेमाचं शूटिंग होणार असं ठरलं आणि टेलरीणबाई आपल्याच घराकडे पाहुण्याच्या नजरेनं बघू लागल्या. गोष्ट बारावीतल्या दोघांच्या प्रेमाची होती. मुलगी गडगंज श्रीमंताची, मुलगा टेलरचा. ती पहिल्यांदा त्याच्या घरी येते, तो प्रसंग इथं घ्यायचा होता. दिग्दर्शकाच्या मदतनिसानं येऊन भिंतीचे पोपडे, कॉटखालची ट्रंक, दोरीवरचे कपडे, सगळ्यांचे फोटो काढले आणि जाताना हात जोडून सांगितलं, "काकू, काहीही करू नका हं. आहे तसंच छान आहे."

आता, काही करू नका असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. म्हणून कोणी हातावर हात ठेवून बसतं का?

"अगं, तो नको म्हणालाय ना?" टेलरनं काज करता करता विचारलं.

"नको म्हणणारच. चांगल्या घरचा आहे तो. पण आख्खं जग बघणार आपलं घर! तुमची बहीण तर पोपडे मोजत बसेल."

बहिणीचं नाव निघताच टेलरनं सुई खाली ठेवली. दोन दिवसांत भिंतींना फिकट निळा रंग लागला. रंगाला शोभतील असे पडदे शिवले. पडद्यांपुढे कॉट केविलवाणी दिसू लागली, म्हणून ती गच्चीवर गेली. मग बसायचं कशावर? शेजारच्या नर्सबाईंचा सोफा आणला. तो दारातून शिरेना, म्हणून दार बिजागऱ्यांसकट काढलं. सोफा आत आला तशी शिलाई मशीन बाहेर गेली. टेलर जिन्याखाली बसून शिवू लागला आणि गिऱ्हाइकं हळूच विचारू लागली, "काय मास्तर, घरात काही वाजलं का?"

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक आला. आत डोकावला, बाहेर जाऊन घराचा नंबर वाचला आणि परत आत आला.

"हिरोचं घर कुठलं?"

"हेच की!" टेलरीणबाई कौतुकानं म्हणाल्या.

मदतनिसाचा चेहरा पडला. "काकू, हिरो गरीब आहे हो!"

"मग? गरिबानं भिंत रंगवू नये होय?"

दिग्दर्शकाला वेळ नव्हता. "तासाभरात मला पोपडे हवेत," त्यानं फर्मावलं. एक माणूस खरवडणी घेऊन पुढे झाला. टेलरीणबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या मनाला फार लागलं होतं, डोळे भरून आले होते.

"साहेब, तुमच्या गोष्टीतल्या पोराला आई आहे ना?"

"आहे."

"एवढ्या मोठ्या घरची मुलगी येणार, हे तिला ठाऊक आहे?"

"आहे, पण..."

"मग ती बाई घर तसंच ठेवील? अहो, चार घरी मागून आणील, पण घर सजवील! तुम्हाला आई आहे की नाही?"

दिग्दर्शक सोफ्यावर बसला. निळ्या भिंतीकडे, नव्या पडद्यांकडे त्यानं पाहिलं. मग त्यानं खरवडणीवाल्याला हातानंच मागे सारलं.

कॅमेरा सुरू झाला. हिरोची आई झालेली नटी हिरॉइनशेजारी ऐसपैस बसली, तोच मागून टेलरीणबाईंचा आवाज आला, "अहो बाई, उठा, उठा! ती नाही बसणार सोफ्यावर. दुसऱ्याचा आहे ना? डाग पडला तर परत कसा द्यायचा? ती खालीच बसेल." मदतनीस त्यांना गप्प करायला धावला, पण दिग्दर्शकानं त्यालाच गप्प केलं आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

काही महिन्यांनी सिनेमा लागला. पडद्यावर घर नुसतं लखलखत होतं. टेलरीणबाईंनी नवऱ्याला कोपरखळी मारली. एवढ्यात पडद्यावरची आई सोफ्यावर टेकता टेकता थबकली आणि खाली बसली. "तुम्ही खाली का?" हिरॉइननं विचारलं. हिरो मान खाली घालून म्हणाला, "सोफा शेजारच्यांचा आहे."

थिएटरात हशा पिकला. टेलरीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या जगापासून लपवायचं, त्या जगाला आपणच आपल्या तोंडानं सांगून बसलो! त्यात पलीकडच्या खुर्चीवरच्या नर्सबाई पुढच्या रांगेला अभिमानानं सांगत होत्या, "माझा आहे तो!"

पडद्यावरची मुलगी मात्र हसली नाही. क्षणभर घुटमळली, मग सोफ्यावरून उतरून त्या आईला खेटून जमिनीवर बसली. हशा हळूहळू थांबला. टेलरीणबाईंनी डोळे पुसले आणि त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"श्रीमंताची असली तरी वळणाची आहे हो पोरगी."

"मग? पसंत म्हणतेस?"

"म्हणायचंय काय? श्रीमंतीचं घेऊ सांभाळून."