अकरावी हरकत

तक्रार लिहावी तर आम्हीच! एकतीस वर्षं मी वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे बसून काढली आहेत. "तारीख नाही", "सही जुळत नाही", "जोडपत्र कुठंय?" असं म्हणून हजारो तक्रारी परत पाठवल्या. तेव्हा कुठली तक्रार परत पाठवताच येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? त्यामुळे समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पाटी लागली, 'ज्येष्ठांसाठी नियोजित निवास संकुल, पाच मजले. हरकती तीस दिवसांत नगररचना कार्यालयात द्याव्यात', तेव्हा मी बाह्याच सरसावल्या.

हरकत कशाला? अहो, म्हातारे येणार म्हणून! मी स्वतः एकाहत्तरचा आहे, पण म्हातारे मला सहन होत नाहीत. सारखे गुडघ्यांबद्दल बोलतात. माझेही गुडघे दुखतात, पण मी कधी कुणाला सांगितलंय? आता सांगायला घरात कुणी नाही, ही गोष्ट वेगळी. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा दर रविवारी फोन करतो, "बाबा, जेवलात ना?" विचारतो, मी "हो" म्हणतो आणि फोन संपतो.

पहिली हरकत गटाराची होती. तिसऱ्या दिवशी नगररचनेच्या इंजिनिअर बाई दारात! प्रत्येक हरकतीची जागेवर पाहणी करायचीच, असा त्यांच्याकडे नियम. पोरगी माझ्या नातीच्या वयाची. गटार पाहिलं, चहा प्यायली, वीस मिनिटं बसली. ती गेली आणि माझ्या लक्षात आलं, की घरात दोन कप विसळायची वेळ फार दिवसांनी आली होती.

त्याच दिवशी मला दुसरी हरकत सुचली!

मग काय, सुचतच गेल्या. झाडाची, पार्किंगची, पाण्याच्या दाबाची, भिंतीच्या रंगाची. दहाव्या खेपेला ती म्हणाली, "काका, सगळ्या एकदम लिहिल्या असत्या तर मी एकदाच आले असते."

"सुचतील तशा लिहितो गं!"

अकरावी हरकत म्हणजे माझा हुकमी एक्का होता. इमारतीची सावली माझ्या गॅलरीत पडणार! ही नुसती पाहून भागत नाही, मोजावी लागते. प्लॉटवर पाच मजल्यांइतका उंच पाइप उभा केला, टोकाला लाल कापड बांधलं, आणि त्याची सावली कुठवर येते ते बाई दर तासाला खडूने आखू लागल्या. सकाळी नऊ ते दुपारी चार! सात तास माणूस माझ्या गॅलरीत! मी तिला तक्रार खिडकी सांगितली, मुलाचं लग्न सांगितलं, बायकोचं आजारपणसुद्धा सांगितलं. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत एक तास असतो, आणि ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही.

चार वाजता ती म्हणाली, "काका, सावली कठड्यापर्यंतच येते, आत येत नाही. हरकत टिकणार नाही. उद्या रेघांचे फोटो काढते, की झालं काम."

झालं काम! ती जिना उतरली आणि मी ओलं फडकं हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती कठड्याकडे पाहतच राहिली. "रेघा कुणी पुसल्या?"

"मोलकरणीने!" मी म्हणालो. मला मोलकरीण नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बिचारीने खडू पिशवीत टाकला. पुन्हा मोजायची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. मी बिस्किटांचे चार पुडे आणून ठेवले.

आता शाळेत शिकलेला भूगोल मी विसरलो, हा माझा दोष. पाच आठवड्यांत दिवस लहान झाले, सूर्य खाली उतरला आणि सावल्या लांबल्या. त्या दिवशी पाइपाची सावली कठडा ओलांडून आत आली, फरशी चढली आणि थेट माझ्या खुर्चीत येऊन बसली. बाईंनी नोंद केली. "अभिनंदन, काका," त्या म्हणाल्या. बिस्किटाला हातही लावला नाही.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. हातात काठी, मांडीवर पिशवी.

"त्या नव्या ज्येष्ठांच्या संकुलात पाचव्या मजल्यावर माझी खोली ठरली आहे," त्यांनी आपणहून सांगितलं. "ट्रंक भरून चार महिने झाले. सध्या लेकीकडे असते. लेक काही म्हणत नाही, जावई काही म्हणत नाही. कुणीच काही म्हणत नाही, तेच तर!"

"मग अडलंय कुठे?"

"कुणीतरी एक म्हातारा आहे म्हणे. अकरा हरकती घेतल्यात मेल्याने!"

"बिनकामाचा असेल," मी म्हणालो.

"एकटा असेल हो. भरल्या घरात अकरा हरकती सुचतात कुणाला?"

मला ठसका लागला. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मग त्यांनी गुडघ्यांचा विषय काढला, आणि सांगायला लाज वाटते, पण मीही काढला! पंधरा मिनिटं आम्ही गुडघ्यांवर बोललो. त्यांचा उजवा, माझा डावा. इतकं बरं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शिपाई ओरडला, "हरकतदार क्रमांक एक! दोन! तीन!" असं करत अकरापर्यंत गेला, आणि दर वेळी माझंच नाव. बाईंनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

आत शिरता शिरताच मी म्हणालो, "साहेब, सगळ्या हरकती मागे!"

"दहा घ्या," साहेब म्हणाले. "अकरावी मोजली गेली आहे. मोजलेली हरकत मागे घेता येत नाही, नाहीतर लोक आतून साटंलोटं करतात. पाचवा मजला रद्द."

जिंकलो! आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी परत पाठवल्या, आणि माझी अकरावी तक्रार मंजूर झाली. बाहेर आलो तेव्हा बाई तिथेच उभ्या होत्या. मला वाटलं, काठी उगारतील. उगारली असती तर बरं झालं असतं.

"ट्रंक पुन्हा उघडायला हवी आता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "ऊन चांगलं येतं का गॅलरीत?"

"हो, येतं."

"मग बसत जा त्यात." आणि त्या काठी टेकत गेल्या.

घरी येऊन मी बारावी हरकत लिहिली. अकराव्या हरकतीवर! तारीख, सही, जोडपत्र, सगळं चोख. जोडपत्रात कबुलीही दिली, की फडकं मीच फिरवलं. तिसऱ्या दिवशी इंजिनिअर बाई हजर.

"फडक्याचं मला तेव्हाच कळलं होतं, काका. पण सध्या वर्षातली सगळ्यात लांब सावली पडते. आत्ता मोजली तर चौथा मजलाही जाईल!"

"मग?"

"उन्हाळ्यात मोजू. आणि ज्यांची खोली गेली, त्यांनाही त्या दिवशी इथे हजर राहावं लागेल. नोटीस जाईल त्यांना."

"दिवसभर?"

"नऊ ते चार."

म्हणून फडकं फेकून दिलंय आणि गॅलरीत आणखी एक खुर्ची मांडली आहे. उन्हाळ्याला अजून चार महिने आहेत. तोवर एका खुर्चीवर मी बसतो, आणि दुसरीवर ऊन.