राणीच्या तोंडावरचे पाच थर

पार्सें गावच्या सगुणचं एक ठाम मत होतं आणि ते त्याने कुणापासूनही लपवून ठेवलं नव्हतं. अख्ख्या पेडणे तालुक्यात राणी म्हणावी अशी बाई एकच, आणि ती म्हणजे सगुण स्वतः!

गैरसमज नको. दिवसा सगुण शाळेची बस, म्हणजे बालरथ, चालवायचा, खाकी पँट घालायचा आणि मागच्या सीटवर मारामारी करणाऱ्या पोरांना आरशातून दम द्यायचा. पण जत्रांचा हंगाम आला की संध्याकाळी शिवदास मालकाच्या दशावतारी कंपनीत लुगडं नेसून उभा राहायचा. राणीचा पार्ट लग्नाआधीपासून त्याचाच. राजाने राणीला वनवासाला धाडावं आणि सगुणने रडावं! तो रडायला लागला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावायच्या आणि मागचे लोक चणे खायचे थांबायचे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, जो तो आपलं भाषण उभ्या उभ्या रचतो. सगुण तर रडता रडता रचायचा.

अशा या राणीला शिवदास मालकाने एके दिवशी टेम्पोमागे बाजूला घेतलं.

"सगुणा, राग मानू नको. पण आता तुझां वय दिसता."

"खंय दिसता?"

"तोंडार! तुझ्या कातडेर रंग लावलो की भेगो पडतत. पुढे बसलेलो एक जण म्हणी होतो, राणी बरी आसा, पण राजाची आवय कशी दिसता."

"कोण तो? नाव सांग त्याचां!"

"नाव कित्याक? पुढच्या महिन्यात मोरजीक नाटक आसा, तवसर बघतंय. तोंड सुधारलां तर राणी तुझी. नायतर राणी साईश करतलो, तू राजमाता कर."

राजमाता! पहिल्या प्रवेशात आशीर्वाद द्यायचा आणि दुसऱ्यात मरायचं! आणि साईश? कालपरवा कंपनीत आलेला, राणीच्या मागे पंखा घेऊन उभा राहणारा, सखीचा पार्ट करणारा साईश! त्याला धड रडता येत नव्हतं, शिंक अडकल्यासारखा चेहरा करायचा. पण गाल मात्र लोण्यासारखे. सगुणला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याची मुलगी सिद्धी म्हापशाला सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात कामाला होती. तिने खिडकी उघडून बापाचं तोंड उजेडात धरलं आणि बाजारात बांगडा बघावा तसं उलटसुलट करून बघितलं.

"बाबा, नाटक सोपल्यार रंग कसो काढतात?"

"खोबरेल तेल लावतंय आणि लुंगयेन पुसतंय."

"मगे?"

"मगे न्हाणयेत जो साबण आसा, त्यान धुतंय."

"तो कपड्यांचो साबण!"

"तोंडाक काय कळता?"

सिद्धीने डोक्याला हात लावला. मग तिने त्याला सौम्य फेसवॉशने तोंड धुवायला लावलं आणि काहीही न लावता पडवीत बसवून ठेवलं. थोड्या वेळाने टिपकागद नाकावर, कपाळावर दाबून बघितला. कागद कोरडा ठणठणीत.

"तोंड ताणता?"

"पापड सुकता तसां ताणता गो!"

"तर तुमची स्किन ड्राय."

सगुणला भलताच अभिमान वाटला. आजवर तो समजत होता की आपल्याला नुसतीच कातडी आहे. आता तिला प्रकार मिळाला! त्या दिवसापासून तो भेटेल त्याची कातडी ठरवायला लागला. शेजारचा सदाशिव ऑयली, पोस्टमन कॉम्बिनेशन, आणि काही बोललं की लगेच लाल होणारे शाळेचे हेडमास्तर सेन्सिटिव्ह!

माल निवडायला तो स्वतः म्हापशाला गेला. काउंटरवर उभं राहून त्याने प्रत्येक बाटलीचं झाकण उघडून वास घेतला.

"ही घेऊया. गुलाबाचां चित्र आसा."

"बाबा, ड्राय स्किनीक वासाचां नको. खाज येतली."

"मगे ही. ही म्हाग आसा, म्हणजे बरी आसतली."

"ती पिंपलांची! तोंड आणिक सुकतलां!"

शेवटी सिद्धीने बिनवासाच्या, बिनचित्राच्या, सरकारी दवाखान्यातल्या मलमासारख्या दिसणाऱ्या पाच वस्तू दिल्या. फेसवॉश, सिरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि झोपताना लावायचं एक जेल. आधी कानामागे थोडं लावून बघायला लावलं, खाज येत नाही याची खात्री केली आणि मग बजावलं, "सगळां थोडां थोडां. एक मुरलां की दुसरां. सनस्क्रीन दिसाचां, जेल रातचां. आणि नाटकाच्या दिसा रंगाच्या आदी फक्त मॉइश्चरायझर, तोय पातळ. समजलां?"

"समजलां," सगुण म्हणाला. पुरुष माणूस असं म्हणाला की काय समजावं, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

त्याची बायको चंद्रावती हा सगळा सोहळा चुलीजवळून बघत होती.

"माका लग्नात एक पावडरीचो डबो गावलेलो," ती म्हणाली, "तो अजून पुरता. आणि ह्या राणयेक पाच ट्यूबी!"

पण खरं सांगायचं तर गुण आला! सगुण नेमाने लावत होता, बालरथ चालवताना सनस्क्रीन, झोपताना जेल. बघता बघता भेगा बुजल्या, कातडी मऊ पडली. पोदेर पाव द्यायला आला आणि दारातच थबकून म्हणाला, "काय सगुणबाब, खंय जावन इलात? उजळ दिसतात!" सगुण दिवसभर आरशात बघत राहिला, तोही बालरथाच्या. त्यामुळे मागच्या सीटवर काय वाट्टेल ते चाललं होतं.

मोरजीच्या नाटकाचा दिवस उजाडला. वाड्यावरच्या देवळाचा वर्धापनदिन, आणि लोकांना सकाळी कामावर जायचं असतं म्हणून नाटक संध्याकाळीच. तर नेमका त्याच दिवशी बालरथ तुयेच्या चढावर पंक्चर झाला. पोरांना घरोघर पोचवून सगुण मोरजीला धापा टाकत आला तेव्हा मांडवात माणसं बसली होती आणि पेटीवाला सूर लावत होता.

इथे सगुणने डोकं चालवलं. तेच चुकलं. थोडं लावून एवढा गुण येतो, तर आज सगळंच भरपूर लावलं तर? सनस्क्रीन दिवसाचं म्हणतात, पण रंगमंचावरचे ते हॅलोजन सूर्यापेक्षा काय कमी तापतात? आणि मुरायला वेळ कुणाला आहे? त्याने फेसवॉश केला, सिरम चोपडलं, त्यावर मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, आणि वरून रातचं जेल, तेही दाबून. मग त्या ओल्या चिखलावर पांढरा सफेदा, गालाला लाली, काजळाच्या भुवया आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आरशात बघितलं आणि त्याला स्वतःलाच हुंदका आला. अशी राणी झाली नव्हती आणि होणार नव्हती!

राजाच्या वेशातला शिवदास मालक आत डोकावला आणि बघतच राहिला.

"सगुणा! माफ कर रे माका! राणी तुझी!"

कोपऱ्यात साईश पंखा घेऊन बसला होता, त्याचं तोंड पडलं. सगुणने त्याच्याकडे बघून पदर सावरला.

पहिला प्रवेश झकास गेला. दुसऱ्यात राजा राणीवर संशय घेतो आणि तिला वनात धाडतो. सगुणने गुडघे टेकले, हॅलोजन डोक्यावर आला, आणि त्याने आपला खास आवाज काढला.

"नाथ! या अबलेचा अपराध तरी काय? सूर्याने किरणांना टाकावं, सागराने लाटांना टाकावं, तसं आपण मला..."

तेवढ्यात डावी भुवई निघाली. घाई न करता, रमतगमत, ती गालापर्यंत आली. सगुणला वाटलं घाम आहे. त्याने पदराने टिपलं आणि अर्धा गाल पदरावर आला. घाबरून तो उठला आणि राजाच्या छातीवर कोसळला, कारण राणीला लाज वाटली की ती तेच करते. मागे सरला तेव्हा शिवदासच्या निळ्या मखमली अंगरख्यावर एक आख्खा चेहरा उठला होता. एक नाक, एक भुवई आणि थोडे ओठ.

"सगुणा," शिवदास दातओठ खात पुटपुटला, "तुझां तोंड माझ्या अंगरख्यार इलां!"

"पुसू नको! पसारता!" सगुण पुटपुटला.

कुंकू आता नाकाच्या शेंड्यावर पोचलं होतं. सफेदा हनुवटीवरून टपटपत होता. पुढच्या रांगेतून चंद्रावतीने टाहो फोडला, "अगो बाये! ह्यांचां तोंड गेलां!"

ती मनापासून किंचाळली होती, आणि म्हणूनच घोटाळा झाला. लोकांना वाटलं, हा नाटकाचा भाग! हल्ली दशावतारात ट्रिकसीन लागतात, कुठे धूर काढतात, कुठे साप सोडतात. पण चेहरा वितळलेला कुणी बघितला नव्हता. "ट्रिकसीन! ट्रिकसीन!" म्हणत लोक बाकांवर चढले. मोबाइल वर गेले. टाळ्यांनी मांडव हलला.

शिवदास मुरलेला नट. त्याने टाळ्या ऐकल्या आणि एका क्षणात नाटक फिरवलं.

"थांब!" तो गरजला. "मी ओळखलं तुला! तू माझी राणी नव्हेस! राणीचं रूप घेऊन माझ्या महालात शिरलेली तू मायावी राक्षसीण आहेस!"

सगुणच्या पायाखालची जमीन सरकली. कबूल केलं तर राणी गेली!

"नाथ!" तो कळवळून म्हणाला. "हे काय बोलता? मी आपलीच राणी! अग्नीच्या साक्षीने..."

"अग्नीची साक्ष काढू नकोस! अग्नीनेच तुझं सोंग वितळवलं!"

टाळ्या!

"हा अग्नी नव्हे नाथ, हा विरहाचा दाह आहे! सात जन्म मी राणीच!"

"राक्षसीण!"

"राणी!"

"सगुणा, मान रे बाबा," शिवदास हळूच म्हणाला.

"मरान पण मानूचंय नाय," सगुण हळूच म्हणाला.

आता निवाडा कोण करणार? आतून पैंजण वाजले. हातातला पंखा फेकून देऊन, सगुणचाच मोत्यांचा हार गळ्यात घालून, साईश रंगमंचावर आला.

"प्राणनाथ! या दुष्टेने मला तळघरात कोंडलं होतं! मीच आपली खरी राणी!"

आणि शिंकल्यासारखा चेहरा करून तो रडला.

त्या क्षणी सगुणच्या डोक्यात काय पेटलं ते विचारू नका! लग्नाआधीपासूनची राणी, ती ट्यूबांची तपश्चर्या, आणि हा कालचा पोरगा माझा हार घालून माझ्या नवऱ्याला प्राणनाथ म्हणतो! त्याच्या पोटातून अशी डरकाळी निघाली की पखवाजवाल्याचा हात थांबला. अंबाडा सुटला, लुगडं खोचलं गेलं, आणि तोंडावरून फेसासारखा सफेदा गाळत सगुण साईशच्या मागे धावला. साईश राजाच्या मागे, सगुण साईशच्या मागे, अशा तीन फेऱ्या! कंपनीचा अधिकृत राक्षस विठ्ठल दाढीबिढी लावून आपल्या प्रवेशाची वाट बघत उभा होता. त्याने हा प्रकार बघितला, दाढी उतरवली आणि चहा प्यायला निघून गेला.

शिवदासने तलवार काढून सगुणला मारलं तेव्हा तो खरोखर दमला होता, म्हणून पडला. पडल्या पडल्या त्याने शेवटचं भाषण केलं, "मारलंत तरी सांगते, मी राणीच!" राक्षसिणीचा हा कांगावा लोकांना इतका आवडला की त्याला दोनदा उठवून पुन्हा मारावं लागलं.

घरी येताना चंद्रावतीने बरंच समजावलं. "अहो, लोक किती खूश झाले!"

"लोक खूश झाले गो," सगुण म्हणाला, "पण राणी म्हणान नाय." आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. इतकी वर्षं हजारभर माणसांसमोर रडलेला तो माणूस स्कूटरवर बायकोच्या पाठीमागे बसून कुणाला न दाखवता रडला, आणि ते काही बरं वाटण्यासारखं नव्हतं.

सकाळपर्यंत ते व्हिडिओ पार लांब वाळपईपर्यंत पोचले. शिवदासचा फोन वाजायचा थांबेना आणि जो तो एकच विचारी, ती वितळणारी राक्षसीण आणणार ना? नव्या फलकावर सगुणचं नाव पहिल्यांदाच सगळ्यांच्या वर आलं. राणी म्हणून साईशचं नाव खाली, बारीक. पण राणी तोच. सगुणने शिवदासला विनवलं, भांडण केलं, एकदा फक्त पातळ मॉइश्चरायझर लावून गेला, तर लोक ओरडले, "वितळना! वितळना!" आणि मालकाने स्वतः आत येऊन त्याच्या तोंडाला सफेद्यासकट पाचही थर थापले.

मयेच्या जत्रेत नाटक संपल्यावर सगुण तोंड धुऊन मांडवामागे बसला होता. एक बाई रडणाऱ्या नातीला घेऊन आली, राक्षसीण खरी नसते हे दाखवायला. सगुणला बघून ती नातीला विसरली आणि त्याच्याच गालांकडे टक लावून बघत राहिली.

"अहो, तुमीच ती राक्षसीण? कितलो नितळ चेहरो तुमचो! ह्या तोंडार राणयेचो पार्ट कसो शोभलो आसतो! तुमकां तो कित्याक देनत नाय?"

सगुणने पलीकडे राणीच्या दागिन्यांची पेटी भरणाऱ्या साईशकडे बघितलं, मग आपल्या गालावरून हात फिरवला.

"काय सांगू बाये," तो म्हणाला, "राणी होवक कातडी खराब लागता. बऱ्या कातडेर रंग टिकना!"