मागच्या खोलीचा सिनेमा

रुद्रप्पांना फसवणारा माणूस अजून सोलापुरात जन्माला यायचाय, असं रुद्रप्पा स्वतःच सांगत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं, की ते पाव किलो शेंगाचटणी घेणार की नुसती चव बघून हात पुसणार, हे त्यांना आधीच कळायचं. कुणी फार गोड बोलायला लागलं, की ते आधी गल्ल्याला कुलूप लावत. मग बोलणं ऐकत.

म्हणून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचा, शिवलीलाचा, फोन आला, तेव्हा अभिनंदन वगैरे राहिलं बाजूला.

"अप्पा, माझी फिल्म मोठ्या महोत्सवात निवडली. विद्यार्थ्यांचा सगळा विभाग यंदा आमच्याच संस्थेकडं दिलाय. आणि सरांनी ठरवलंय, ज्या गावात फिल्म केली तितंच ती आधी दाखवायची. पहिला खेळ सोलापुरात!"

"नाव काय फिल्मचं?"

"मागची खोली."

रुद्रप्पांच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला.

त्याला कारण होतं. दुकानावर वडिलांच्या वेळची पाटी होती: 'उखळात, हातानं कुटलेली शेंगाचटणी'. या एका ओळीवर घर चाललं होतं. पण बायकोचा, गिरिजाबाईंचा, खांदा धरला, कुटायला येणाऱ्या बायका एकेक करून सुटल्या, आणि रुद्रप्पांनी मागच्या खोलीत गुपचूप कांडप मशीन आणून बसवली. पाटी तेवढी उतरवायची राहिली. रोज उतरवू म्हणत, आणि रोज ती पुसून परत वर टांगत. हे गुपित घरातल्या तिघांना ठाऊक होतं. तिघांतली एक आता सिनेमे काढत होती.

"आमाला दाखव की आधी."

"पहिल्या खेळाआधी कुणालाच न्हाय, अप्पा. महोत्सवाचा नियम हाय."

माल झाकून ठेवणाऱ्याकडून रुद्रप्पांनी जन्मात एक पोतं घेतलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांना दिवाळीची सुट्टी आठवली. शिवलीला कॅमेरा घेऊन आली होती आणि सोबत अकलूजचा उदयसिंह नावाचा मुलगा होता. त्याच्या कानावर हेडफोन, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला खारीच्या शेपटीसारखं काहीतरी केसाळ. तो दिवसभर मागच्या खोलीच्या दाराशी ती शेपटी धरून उभा असायचा.

"काका, आत काहीतरी धडधडतंय," तो एकदा म्हणाला होता.

"फ्रीज हाय."

"एवढा धडधडतो?"

"जुना हाय," असं म्हणून रुद्रप्पांनी त्याला हाकललं होतं. आता वाटू लागलं, पोरगं हललं होतं कुठं? ऐकतच उभं होतं.

समोरच अण्णारावांचं चटणीचं दुकान, त्यावरही 'हातानं कुटलेली' अशीच पाटी. अण्णाराव रोज दुपारी चहाला यायचे आणि चहाबरोबर दुसऱ्याची झोपही घेऊन जायचे.

"ही सिनेमाच्या शाळेतली पोरं लई खोल जात्यात बघ," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "जेऊरला माझ्या मेव्हण्याकडं आलती. म्हशीवर फिल्म करतो म्हणाली. दाखवली तवा त्यात म्हैस कमी आन् पाण्याचा नळच जास्त."

रुद्रप्पांना ठसका लागला. आता हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचं जुनं उखळ खाली काढलं, दुकानाच्या पायरीशी मांडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा बेतानं स्वतः कुटायला उभे राहिले. लोकांनी बघावं आणि खात्री पटवून घ्यावी, हा बेत. लोकांनी बघितलं, आणि ज्यांना इतकी वर्षं कसलीच शंका नव्हती, त्यांना ती आली.

"काय हो, रोज आत कुटताय न्हवं? आज रस्त्यावर का?" शेजारच्या हेमावतीबाई म्हणाल्या.

"उजेड बरा पडतोय."

"आन् मुसळ उलटं का धरलंय?"

मुसळ सुलट करताना त्यांच्या कमरेत जी कळ आली, ती पट्टा बांधूनही गेली नाही. वाकडे होऊनच ते आत आले. गिरिजाबाईंनी पाठीला तेल चोळलं. "पोरीला सरळ विचारा की," त्या म्हणाल्या. विचारायचं कसं? "माझं बिंग फोडलंस का गं" असं बापानं मुलीला कोणत्या तोंडानं विचारायचं? आणि खरंच फोडलं असलं तर? ज्या पोरीला याच चटणीवर शिकवलं, तिनंच चटणी बुडवली, हे ऐकायचं त्यांच्यात बळ नव्हतं. ते सोलापुरातल्या कुठल्याही माणसावर संशय घेऊ शकत, पण शिवलीलावर घेतलेला संशय त्यांना आतून खात होता.

खेळाच्या आदल्या दिवशी इन्स्टिट्यूटचे शरच्चंद्र सर सभागृह बघायला आले, ते शिवलीलासोबत दुकानातही आले. रुद्रप्पांनी सावधपणे चटणीची बशी पुढं केली.

"वा," सरांनी डोळे मिटले. "हातानं कुटल्याशिवाय अशी चव येणं शक्य नाही."

टोमणा, रुद्रप्पांनी मनात नोंद केली.

"उद्या पहिल्या रांगेत बसा हं. फिल्मचा शेवट खास तुमच्यासाठी आहे."

धमकी, त्यांनी दुसरी नोंद केली.

हुतात्मा मंदिराच्या सभागृहात दुसऱ्या दिवशी गर्दी उसळली. बघावं तिकडं रुद्रप्पांची गिऱ्हाइकं. अण्णाराव तर इस्त्रीचा सदरा घालून बरोबर त्यांच्या मागच्या खुर्चीत. सरांनी महोत्सवाबद्दल दोन शब्द सांगितले, दिवे गेले, आणि पडद्यावर मागची खोली आली.

खोलीच्या मधोमध, मोर विणलेल्या चादरीखाली झाकलेला एक ढीग. त्याखाली काय आहे, ते रुद्रप्पांना ठाऊक होतं. पडद्यावरच्या गिरिजाबाई त्याच ढिगाला टेकून बसल्या होत्या आणि अक्कलकोटच्या बहिणीशी, मायाक्काशी, फोनवर कानडीत गप्पा मारत होत्या. गल्ल्याजवळ कधी चार शब्दांवर पाचवा न बोलणारी ही बाई पोट धरून हसत होती, नकला करत होती. सभागृह खुशीत होतं. रुद्रप्पांना बायको दिसतच नव्हती. ते फक्त मोराकडे बघत होते.

कॅमेरा हळूहळू जवळ गेला. गिरिजाबाईंनी फोन खाली ठेवला. त्यांचा हात चादरीच्या टोकाकडे सरकला. त्यांनी टोक धरलं.

"थांबवा!" रुद्रप्पा कमरेच्या पट्ट्यासकट उठले. "व्हय, मशीन हाय! चादरीखाली मशीनच हाय! पण का घेतली ते आधी ऐका, हिचा खांदा गेला म्हणून घेतली!"

फिल्म थांबली. दिवे लागले. सबंध सोलापूर त्यांच्याकडे बघत होतं.

"चर्चा शेवटी ठेवली आहे," शरच्चंद्र सर गोंधळून म्हणाले.

"काका, म्हणजे तो फ्रीज नव्हता?" मागून उदयसिंहनं विचारलं.

शिवलीला धावत आली. तिचा चेहरा पडला होता. "अप्पा, अव्वा नुसतं डोळं पुसणार होती त्या चादरीनं. लोकांनी अंथरूणच समजलं असतं की." मग हळू आवाजात म्हणाली, "प्रत्येक प्रसंगातनं त्या मशीनचा आवाज काढला मी. दिवाळीपास्नं तेच करत बसले. सरांनापण कळू दिलं न्हाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. रुद्रप्पांनी ते चांदणं भर सभागृहात पाडलं होतं. त्यांनी नुसता मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली बसले.

फिल्म पुन्हा सुरू झाली. पडद्यावर गिरिजाबाईंनी डोळे पुसले. मग काळ्या पडद्यावर एक पाटी आली: 'माझ्यावर सदैव विश्वास ठेवणाऱ्या अप्पांना.'

सभागृह इतकं हसलं, की टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. गिरिजाबाईंनी शेजारून पदराचं टोक पुढं केलं. त्यानं रुद्रप्पांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उतरवून ते दुकानात बसले. आता धंदा संपला, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. गिऱ्हाइकं आली, नेहमीइतकीच. चटणी घेतली, आणि जाताना मशीन बघू द्या म्हणाली.

दुपारी अण्णाराव आले, पण समोरून नाही. मागच्या बोळातून, इकडंतिकडं बघत, मागच्या खोलीच्या दारानं. रुद्रप्पांनी ओळखलं, हा आता मीठ चोळणार. त्यांनी मान खाली घातली.

"रुद्रप्पा, एक काम हुतं," अण्णाराव त्यांच्या कानाशी लागले. "तुझ्या पोरीला इचार की जरा. माझ्या मशीनचाबी आवाज काढून देती का?"