हुसेनचाचांची मोकळी जागा

लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली जिलबी उचलून त्याच पानाच्या दुसऱ्या कडेला ठेवणारा माणूस अख्ख्या महाडात एकच होता. हुसेनचाचा पेंटर. खाण्यासाठी नव्हे हो! "सगळा भार एका अंगाला गेलाय," म्हणायचे. एकदा नवरदेवाचा मामा चिडला, तर त्यालाच म्हणाले, "खा ना, तुमीच खा. पण तोल सांभाळून खा."

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. भर रस्त्यात एक डोळा मिटून, अंग मागे झुकवून पाटी बघत उभे राहायचे. रिक्षावाले हॉर्न मारून दमायचे. "थांब रे! त्या 'कापड'मधला 'प' लंगडतोय, दिसत नाय तुला?"

एसटी स्टँडसमोर मी टेलिफोन बूथ काढला, तेव्हा आमच्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांच्या हातात पाटीचा मजकूर ठेवला. वर गणपती, मग एसटीडी, आयएसडी, झेरॉक्स, मालकाचं नाव, पत्ता, 'आपले नम्र', आणि उरल्या जागेत गुलाब.

"ही पाटी हाय का पोलादपूरची जीप?" चाचा म्हणाले. "येईल त्याला कोंबायचा? बघणाऱ्याचा डोळा आधी कुठं टेकणार, ते ठरवा. जागा एकच. बाकी सगळे त्याच्या मागं."

"आणि मग उरलेली पाटी?"

"मोकळी."

"लोक म्हणतील, पेंटरचा रंग संपला!" अण्णा कडाडले.

"श्वास न घेता माणूस बोलतो का, अण्णा? पाटीला बी श्वास लागतो."

दसऱ्याच्या सकाळी पाटी चढली. पिवळ्याधमक रंगावर डावीकडे काळा कुळकुळीत रिसीव्हर, त्याखाली 'फोन'. बास! अण्णांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. चाचांनी त्यांना हाताला धरून रस्त्यापलीकडे ओढत नेलं. "आता डोळे बारीक करून बघा!"

तेवढ्यात वरंधची गाडी आली. गाठोडं घेतलेले एक आजोबा उतरले, इकडेतिकडे बघितलं, आणि कुणालाही न विचारता सरळ बूथमध्ये शिरले. खिशातली चिठ्ठी मला देत म्हणाले, "लेकीला फोन लाव रं. आकडे तूच बघ, मला वाचता येत नाय."

मी ते ओरडून पलीकडे सांगितलं मात्र, चाचा रस्त्यातच नाचायला लागले! "वाचलं नाय त्यानं! नुसतं बघितलं आन् आला!" अण्णांनी स्वतःच्या हातानं त्यांना पेढा भरवला.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. चाचा मागच्या पडवीत काहीतरी रंगवत होते. स्वयंपाकघरात त्यांची बायको, मरियमचाची, चहा टाकत होती. फळीवरच्या प्रत्येक पांढऱ्या डब्यावर एकच काळं, टोलेजंग अक्षर होतं. मिठाला 'मी', साखरेला 'सा'.

"घरात पण पाट्या?" मी हसलो.

चाचीनं आवाज खाली आणला. "दोन वर्सं झाली, माझी नजर जातेय. म्हणून ह्यो अधनंमधनं अक्षर मोठं करतो."

"आता दिसतं ना नीट?"

"नाय रे. मी डबे हातानंच वळखते. त्याला सांगू नको हां. लय हौसेनं रंगवतो."

इतक्यात चाचा हळदीचा, रंग अजून ओला असलेला डबा छातीशी धरून दारात आले. त्यावर डबाभर 'ह'. दोन पावलं मागे सरकले. "बघ गो! आता?"

चाची आवाजाकडे वळली, हसली. "आता कसं लख्ख दिसतंय!"

"बघितलंस?" चाचा मला म्हणाले.

"हो चाचा," म्हणत मी एक पेढा चाचीच्या तळहातावर ठेवला.