देवाने लावलेला दिवा

नवस बोलताना माणसाने जरा विचार करून बोलावं. मी बोलले ते भांडी विसळता विसळता.

झालं असं, की ह्यांना कामासाठी आठवडाभर परगावी जायचं होतं आणि गाडीची किल्ली पहिल्यांदाच माझ्या हाती येणार होती. (माझं लायसन्स आजवर कपाटात टॉवेलांखाली सुखाने झोपलेलं होतं.)

"एवढासा जरी ओरखडा दिसला, तरी किल्ली कायमची माझ्याकडे," हे दारातून बजावून गेले. "नाही दिसला, तर तुझी."

मी लगेच देवाला साकडं घातलं, "गाडीला ओरखडा येऊ देऊ नकोस रे बाबा. महिनाभर बाजाराला पायी जाईन."

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना दवाखान्यात नेत होते. चौकात गाडी थांबवली आणि स्टिअरिंगमागे लाल चित्र उजळलं. छोटंसं भांडं, पुढे चोच, चोचीशी थेंब. हुबेहूब दिवा! माझ्या अंगावर काटाच आला. नवस बोलून दिवस उलटत नाही तोच देवाने पोच दिली! मी तिथल्या तिथे हात जोडले. (गाडी थांबलेली होती. मी भाविक आहे, बेफिकीर नाही.)

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सूनबाई, दिवा लागलाय खरा, पण तेल आहे का त्यात?"

"आई, देवाने लावलेला दिवा तो. त्याला कसलं आलंय तेल!"

"दिवा म्हटला की तेल लागतंच हो."

मी प्रेमाने हसले. जुनी माणसं!

आधी तो गाडी थांबली की लागायचा. पुढे पुढे त्याची कृपा वाढत गेली आणि शुक्रवारी तर तो अखंड तेवू लागला. त्याच दिवशी इंजिनातून टकटक सुरू झाली. मी नामजप करत होते, आणि काय सांगू, गाडीने ताल धरला! मी वेग वाढवला, तालही वाढला.

"आई, गाडीसुद्धा नामाला लागली बघा!"

"मला तर कुणी आतून दार ठोठावतंय असं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

बाजाराच्या तोंडाशी 'खडाड्' असा आवाज झाला आणि गाडीने मौन धरलं.

हे परगावाहून परस्पर गॅरेजमध्येच आले. आधी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, वाकून वाकून पाहिलं. "ओरखडा नाही," असं चक्क समाधानाने म्हणाले. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

मग मेकॅनिकने इंजिन खोलून कापलेल्या नखासारखा एक खरवडलेला तुकडा पुढे धरला. "हे बेअरिंग. फिरणारा दांडा आणि हे, यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर हवा. तेल संपलं की धातूवर धातू घासतो. ती टकटक त्याचीच. दिवा लागल्या लागल्या गाडी बंद केली असती, तर तेलावर भागलं असतं. काय केलंत तुम्ही दिवा लागल्यावर?"

"हात जोडले," मी म्हटलं.

मेकॅनिकने मलाच हात जोडले. मग ह्यांच्याकडे वळला. "आणि साहेब, तेल कधी बदललं होतं?"

हे छताकडे पाहू लागले. "दर रविवारी पॉलिश करतो की मी!"

मेकॅनिकने तेल मोजायची पट्टी ओढून काढली. टोकाला काळाकुट्ट चिखल.

"काजळी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आता काय पथ्य ते सांगा."

"आजी, गाडी सपाट जागी, इंजिन थंड. पट्टी पुसून पुन्हा बुडवायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. वेळेवर बदलायचं, फिल्टरसकट. आणि सकाळी सुरू केल्या केल्या गाडी दामटायची नाही."

दुरुस्तीला बरोब्बर महिना लागला, म्हणजे महिनाभर बाजाराला पायीच. देवाने नवस रोखीने वसूल केला. (ह्यांच्याकडूनही. त्यांनी काही बोललेलं नसताना.)

गाडी घरी आली. "ओरखडा नव्हता हं," मी हळूच आठवण करून दिली. हे शब्दाचे पक्के. किल्ली काढली, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि ती सासूबाईंच्या हातात ठेवली.

आता बाजाराला निघायचं म्हटलं की त्या चष्मा लावून बाहेर येतात, मला पट्टी काढायला, पुसायला, पुन्हा बुडवायला लावतात आणि उजेडात धरून निरखतात. तेल पुरेसं असलं तरी लगेच हो म्हणत नाहीत. मी समोर हात जोडून उभी.

दिवा बरा होता. तो निदान लगेच प्रसन्न व्हायचा.