मुश्ताकभाईंचं दुसरं वाक्य

"स्पीकरची वायर आहे का?" असं मुश्ताकभाईंना विचारलंत, तर उत्तर येतं, "आहे." एवढंच. वायर येत नाही. तुम्ही उभे, ते उभे. शेवटी "मग द्या की" म्हणालात की मिळते. बुधवार पेठेत त्यांचं बापजाद्यांपासूनचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि विचाराल तेवढंच सांगायचं ही तिथली जुनी रीत. पण हडपसरला ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि त्यांचं दुकान इथेही बंद होत नाही, हा खरा त्रास. लिफ्ट चालू आहे का विचारलं, तर "नाही." दुरुस्तीवाला केव्हा येणार, ते वेगळं विचारा.

घरात बोलायचं खातं सलमाभाभींकडे होतं. लेक शाहीन लग्न करून फ्रान्सला गेली, तेव्हापासून भाभी तिच्याशी तासन् तास बोलायच्या आणि हे शेजारी बसून मान डोलवायचे. दोन वर्षांपूर्वी भाभी गेल्या. फोन यांच्या हाती आला आणि पार आटला. तब्येत बरी, जेवण झालं, दुकान ठीक, संपलं. शाहीन रोज करायची ती आठवड्याने करू लागली, मग कधीतरी. नात नूर पाच वर्षांची, तिला फ्रेंचशिवाय काही येत नाही. अशानं पोरगी तुटेल हो, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. मी भीडभाड ठेवत नाही.

तर या गृहस्थांनी साठी उलटल्यावर फ्रेंचचा क्लास लावला. तिथल्या बाईंनी त्यांना लगेच ओळखलं. म्हणाल्या, एका वाक्यावर थांबायचं नाही. 'आँ प्लुस' म्हणायचं, म्हणजे 'शिवाय', आणि आणखी काहीतरी सांगायचं. फ्रेंच माणसं उठता-बसता तसं म्हणतात म्हणे.

झालं. मुश्ताकभाईंनी ते आमच्यावर घोटायला घेतलं. मी हौसेने पोहे पाठवले. डबा परत देताना म्हणाले, "पोहे खारट होते. आँ प्लुस, गार होते." सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून म्हणाले, पाणी येत नाही, आँ प्लुस, सेक्रेटरीही येत नाहीत. पूर्वी हा माणूस एकदाच टोचायचा, आता दोनदा. पण गंमत अशी, की दुसरं वाक्य शोधताना ते थांबायचे, समोरच्याकडे नीट बघायचे. एकदा जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, गुडघा दुखतोय तुमचा. आँ प्लुस, तुम्ही कुणाला सांगत नाही." मी धरलेला कठडा सोडला आणि ताठ चालत वर गेले.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. नातीशी फ्रेंचमध्ये बोलायचं होतं. मी म्हटलं, मला कुठे फ्रेंच येतं?

"येत नाही. पण तुम्हाला गप्पही बसता येत नाही. अडलो तर उपयोग होईल."

नूर पडद्यावर आली. मुश्ताकभाईंनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आँ प्लुस म्हणाले आणि अडकले. पुढचं काही केल्या आठवेना. पोर ती, तिने थोडा वेळ वाट पाहिली, खुदकन हसली आणि बाहुली घेऊन पळाली. आणि मी? काय झालं कोण जाणे, माझ्याही तोंडून शब्द फुटेना.

शाहीन तिथे स्वयंपाकघरात होती. एका हाताने कांदा परतत तिने फोन घेतला आणि सवयीने विचारलं, "रखूँ, अब्बा?"

"मत रख," मुश्ताकभाई म्हणाले.

मग खाली बघत, त्यांच्या घरच्या हिंदीत, सांगू लागले. दुकानाचं शटर ओढायचं आता जिवावर येतं, घरी बोलणारं कुणी नाही. रविवार तर सरता सरत नाही. तुझी अम्मी बोलायची तेव्हा मला वाटायचं, माझंही बोलून झालं. तुझ्याशी कसं बोलायचं ते मला कधी शिकावंच लागलं नाही बेटा. म्हणून तुझा फोन आला की भीती वाटते, आणि नाही आला की जास्त वाटते.

माझ्या डोळ्यांना धार लागली, खोटं कशाला सांगू. तिकडे शाहीनने गॅस बंद केला. स्टूल ओढून ती फोनसमोर बसली.

"बोलो अब्बा," ती म्हणाली, "मैं बैठी हूँ."